नव्या तांदळाचा नैवेद्य

माझ्या सासूबाई, वच्छलाबाई, देवाशी बोलताना ऐकल्या तर वाटेल, बाई शेजारणीशी भांडतेय. "पाऊस मांगतला तं बांध्याच फोडून टाकल्या! काही अंदाज हाय का नाई तुले?" असं बडबडत त्या पितळी मूर्ती चिंचेनं लख्ख घासतात. सून होऊन आले तेव्हा मी आधी घाबरले, मग मला हसू यायला लागलं. आता मात्र अभिमान वाटतो, आणि तो उगाच नाही.

आमचं गाव वडशाजवळचं, धानाचं. भाऊकीचे देव पहिल्यापासून आमच्याच घरी. नवं धान निघालं की पहिला भात आमच्या देवखोलीत दाखवायचा, मग सगळी भाऊकी आमच्या अंगणात पंगतीला बसणार. त्याआधी नव्या तांदळाचं शितसुद्धा कुणी तोंडात घालायचं नाही. माझे सासरे, वारलू नाव त्यांचं, हयात होते तोवर नैवेद्य ते दाखवायचे. म्हणजे सडा, सोवळं, स्वयंपाक सगळं सासूबाईंचं, आणि सासरे येऊन पाणी फिरवणार, घंटी वाजवणार की मोकळे! माझा नवरा सुनिल बापाची ही नक्कल फार छान करतो.

सुनिल शाळेत होता तेव्हाच सासरे तापानं गेले. धान कापणीला आलं तसे त्यांचे धाकटे भाऊ गुणवंतराव खांद्यावर नवं कोरं लाल कापड टाकून दारात उभे राहिले. देव त्यात बांधून न्यायचे होते.

"वहिनी, पोरगा लहान हाय. अन् विधवा बाईनं देवाले हात लावणं आपल्यात चालत नाई."

सासूबाईंनी सुपातलं धान पाखडणं थांबवलं नाही. "भाऊजी, तुमचे भाऊ गेले तवापासून या देवायले मीच न्हाऊ घालून राह्यली. देवाचं काही बिघडलं का? नव्याचा नैवेद्य बी मीच दाखवीन. भाऊकी जेवली तं देव इथीच राहीन. पानावरून उठली तं तुमी घेऊन जा, मी एक शब्द काढणार नाई."

केवढा तो भरवसा! नवरा गेल्यावर त्या बाईजवळ मनातलं बोलायला देवच तेवढे उरले होते आणि तेच तिनं पणाला लावले. माझ्या हातून झालं नसतं, खरं सांगते.

नव्याच्या दिवशी पंगत बसली. पानांवर वाफाळता भात वाढला. सासूबाई नैवेद्य दाखवून रिकाम्या कपाळानं, मान ताठ ठेवून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "या, जेवा."

एकही हात हलला नाही.

गुणवंतराव तेवढे उभे होते. "आईलेच विचारा," ते म्हणाले. "बाबा गेल्यावर आईनं कधी देवाले हात लावला का?"

आई म्हणजे रुखमाबाई, आमची आजेसासू. देवखोलीच्या उंबऱ्याबाहेर बसल्या होत्या. विधवा झाल्यापासून त्यांची जागा तीच. वाती वळायच्या, हार गुंफायचे आणि दुसऱ्याच्या हाती आत द्यायचे. सोवळ्याओवळ्याच्या इतक्या कडक की सुनिल म्हणतो, आता देव गेलेच असं समजून त्याला रडू फुटलं होतं.

"नाई लावला," आजी म्हणाल्या.

"आयकलं?" गुणवंतरावांनी खांद्यावरचं कापड काढलं.

"आयकून घे पुरतं. मले कोनी लावू दिला नाई. तुया बापाचे भाऊ आडवे झाले होते. अन् मी काऊन चूप बसली, ते मले अजून समजत नाई."

मग भिंतीला धरून त्या उठल्या, हात धुतले आणि उंबरा ओलांडून आत गेल्या. नैवेद्यातला घास तोंडात घातला नि आतूनच ओरडल्या, "जेवा रे! थंडं होऊन राह्यलं."

पंगत जेवायला लागली. गुणवंतरावही कापडाची घडी मांडीखाली घेऊन टोकाच्या पानावर बसले.

आजी काही बाहेर आल्या नाहीत. सासूबाई बोलवायला गेल्या, तर आजी एक मूर्ती तळहातावर घेऊन डोळ्यांजवळ धरून बसलेल्या.

"वच्छला," त्या म्हणाल्या, "याचं तोंड कसं होतं, तेच इसरून गेली होती वं मी."

सासूबाईंनी त्यांचं पान आतच वाढलं.