घरमालकांची कुत्री आणि द्राक्षं
सडक्या द्राक्षांचा आंबूस वास आला की गंगापूर रोडवरचे आमचे घरमालक आठवतात. एकदा पाहुण्यांना मजा म्हणून ते आपल्या कुत्रीकडे द्राक्षं फेकत होते आणि ती उड्या मारून झेलत होती. "अहो, नका देऊ, माहेरी आमचं कुत्रं द्राक्षांनीच गेलं," आई म्हणाली. "आमची सगळं पचवते!" ते हसले. संध्याकाळी कुत्री व्हरांड्यात हिरवट, फेसाळ ओकत पडली. त्यांनी नाक दाबून तिला बुटानं बाजूला ढकललं, "आधी ती फरशी धुवा!" आईनंच तिला रिक्षातून डॉक्टरांकडे नेलं, पण दोन दिवसांत किडन्या निकामी होऊन कुत्रीची लघवीच बंद झाली, ती वाचली नाही. पुढच्या आठवड्यात त्यांनी आम्हाला द्राक्षांची पेटी दिली. आईनं ती त्यांच्यादेखत कचऱ्यात ओतली. आता ते म्हातारे झालेत, वाटेत भेटतात. मला अजून त्यांना नमस्कार करवत नाही.