तात्यांच्या अंगणातली गळती

सांगलीत पाण्याला घाबरणारी माणसं पुष्कळ आहेत. कृष्णा घरात येऊन गेलेल्या गावात त्याचं नवल नाही. पण पाणीच ज्याला घाबरून असतं असा माणूस मी एकच पाहिला. तो म्हणजे आमचे समोरचे तात्या. मूळचे कवठे महांकाळकडच्या एका कोरडवाहू गावातले. उभी नोकरी पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्ह फिरवण्यात गेली. कुठल्या गल्लीला किती वेळ पाणी सोडायचं हे त्यांच्या हातात, आणि ज्या गल्लीचं बंद केलं तिच्या शिव्याही त्यांच्याच वाट्याला. निवृत्त झाल्यावर गल्ल्या सुटल्या, सवय सुटली नाही. आता ते घराभोवतीच्या झाडांना पाळीनं पाणी सोडतात.

त्यांच्या बागेत रबरी नळी नाही. नळी हातात आली की माणसाची अक्कल पाण्याबरोबर वाहून जाते, असं त्यांचं मत आहे. प्रत्येक झाडाच्या बुडाशी गळ्यापर्यंत पुरलेलं एक मडकं. ते भरायचं, आणि त्यातून पाझरेल तेवढ्यावर झाडानं भागवायचं. मातीला ऊन लागू नये म्हणून वर उसाच्या पाचटाचं पांघरूण. तांदूळ धुतलेलं पाणी गुलाबाला, भाजीचं कढीपत्त्याला, न्हाणीघरातलं केळीला. पाणी घालण्याआधी तात्या मातीत दोन पेरं बोट खुपसतात. ओल लागली तर झाडाला ऐकवतात, "तुला प्यायला न्हाई, मिरवायला पायजे." पाहुण्यानं जेवून हात कुठं धुवायचे हेही ठरलेलं. माझ्या वाट्याला लिंबोणी आली आहे. तिला पहिलं फळ धरलं तेव्हा तात्या ते घेऊन घरी आले आणि म्हणाले, "घ्या, तुमचंच हाय. मीठ जास्त खाताय, खारट उतरलंय."

दुसऱ्याच्या पाण्याचीही त्यांना तेवढीच काळजी. शेजारचे एक गृहस्थ रोज सकाळी नळीनं दारातला डांबरी रस्ता भिजवत. तात्या एक दिवस तिथं जाऊन उकिडवे बसले. "काय झालं तात्या?" म्हणून विचारलं तर म्हणाले, "काय न्हाई, कोंब फुटतोय का बघतोय." दुसऱ्या दिवसापासून रस्ता कोरडा. नोकरीतली एक लोखंडी सळई त्यांनी जपून ठेवली आहे. तिचं एक टोक जमिनीवर किंवा पाइपवर टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं. आत कुठं गळत असेल तर त्यांना ऐकू येतं. एकदा चहाच्या वेळी ते आमच्या भिंतीला कान देऊन उभे राहिले आणि कुणी आजारी असावं अशा आवाजात म्हणाले, "तुमची टाकी बोलतीया." वर जाऊन पाहिलं तर टाकीचा कॉक खरंच गळत होता.

अशा माणसाकडे काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, हिरवळ मागितली. मागच्या दारी थोडी, बसायच्या चटईएवढी.

"दारात म्हस न्हाई. गवत कुणासाठी?" तात्या म्हणाले.

"माज्यासाठी."

"तू खातीस व्हय?"

"जलमभर खड्यातनं, ढेकळातनं चालले. सकाळचं गार गवतावर पाय टेकावं वाटतंय."

तात्यांनी उन्हाळा, बाष्प आणि गवताची तहान या विषयावर बराच वेळ सांगितलं. काकू ऐकून घेऊन कामाला लागल्या. त्यांना पटलं, असा तात्यांनी अर्थ काढला.

मी वर्तमानपत्रात काम करतो. एप्रिलमध्ये एका दुपारी त्यांनी मला हाक मारली. "पेपरवाले, या. बातमी हाय." मागच्या दारी, धुण्याच्या दगडापलीकडे, सगळी माती भाजून निघालेली असताना चटईएवढा तुकडा हिरवागार होता. तात्यांचं निदान तयार होतं. खाली पाइप फुटलाय. सळई लावून झाली, काही ऐकू आलं नाही. तेव्हा गळती खोल आहे असं ठरवून त्यांनी आजूबाजूला तीन खड्डे खणले. तिन्ही कोरडे. न्हाणीघराच्या पाण्यावरच्या केळीची पानं महिनाभर उतरली होती, त्याचा दोष त्यांनी उन्हाला दिला होता. शेवटी ते कुदळ घेऊन हिरव्या तुकड्यातच उभे राहिले.

"आवं, खांदू नगा," पायरीवर बसलेल्या काकू म्हणाल्या. "पाइप न्हाई फुटला. मीच घालतीया पानी."

"कुठलं?"

"माज्या आंघुळीचं. बादलीतलं अर्धं."

"आन तू?"

"अर्ध्यात हुतंय की माजं."

"कवापास्नं?"

"संक्रांतीपास्नं."

तात्यांनी कुदळ खाली ठेवली. गळती कानानं ओळखणारा माणूस, आणि चार पावलांवरच्या न्हाणीघरात रोज अर्धीच बादली ओतली जात होती ती त्यांना तीन महिने ऐकू आली नव्हती. ते आत गेले. नळ सुटल्याचा आवाज आला आणि तो बराच वेळ थांबला नाही. बाहेर आले ते काठोकाठ भरलेली बादली घेऊन.

"जा, भरून आंघूळ कर."

"आवं, सकाळीच झालीया माजी."

"मग पुन्ना कर."

काकू हसल्या, पण तात्यांचा चेहरा पाहून बादली घेऊन आत गेल्या. तात्यांनी तिन्ही खड्डे एकट्यानं बुजवले. मी मदतीला हात घातला तर नको म्हणाले.

गवत आता दोन चटयांएवढं झालंय. काकूंचे गुडघे धरतात, रोज चालणं होत नाही. मग त्या खुर्ची टाकून नुसतेच अनवाणी पाय टेकून बसतात. तात्या जवळच काहीतरी करत असतात, पण त्या बाजूला जायचं झालं तर वळसा घालून जातात. गवतात एकदाही पाय ठेवत नाहीत. एवढं काय, म्हणून मी परवा विचारलं.

"तिच्या आंघुळीचं पानी हाय त्यात," ते हळू आवाजात म्हणाले. "त्यावर पाय कसा द्यायचा?"