जुन्या पेटीपासून लांब

सांगलीहून साताऱ्याला येताना एसटीत एक बाई माझ्या शेजारी बसली होती. मांडीवरच्या डब्याचं झाकण सारखं चाचपत होती. एका कॉलेजात ती उंदरांवर औषधांचे प्रयोग करायची. त्याबद्दल मात्र भरभर बोलली.

"उंदराला रोज एकाच पेटीत उत्तेजक औषध टोचलं, की त्याची पळापळ वाढतच जाती. मग नुसतं मिठाचं पाणी टोचलं तरी त्या पेटीत त्यो पळत सुटतो. दुसऱ्या पेटीत तसं करत न्हाई."

तिचा भाऊ महाबळेश्वरला घरी राहून टॅक्सी चालवायचा. जागं राहायला गोळ्या घेता घेता त्यांच्या आहारी गेला. आता त्यातून सुटलाय, फलटणला मामाकडं राहतो.

"आई म्हणती, दिवाळीला तरी घरी आण. त्यो बी इचारतो, ताई, कवा नेतीस? मीच न्हाई म्हणते. आवं, मला काय त्यो घरात नको हाय व्हय?"

तिने खिडकीकडे तोंड फिरवलं.

साताऱ्याच्या स्टँडवर महाबळेश्वरची गाडी लागली होती. ती गाडी दिसेनाशी होईपर्यंत बाई बघत उभी राहिली, आणि मग फलटणच्या गाडीत चढली.