क्लेरन्स आजोबांचा चेंडू

क्लेरन्स आजोबा गेल्याचं त्यांच्या मुलीने, लॉरेटाने, फोनवर सांगितलं. पाठोपाठ पेपरात चार ओळी आल्या : ‘निवृत्त पोस्ट कर्मचारी.’ बस्स! ज्या माणसाच्या चेंडूपुढे भल्याभल्यांची भंबेरी उडायची, त्याच्या खेळाबद्दल एक अक्षर लिहावंसं वाटलं नाही कुणाला. महिना झाला, माझा संताप अजून उतरलेला नाही.

इथे अमेरिकेत, शुगर लँडमध्ये आम्ही घर घेतलं तेव्हा ते आमचे शेजारी. ऐंशी उलटलेले, ताठ, लांबलचक बोटांचे. तरुणपणी ते बेसबॉलमधले पिचर, म्हणजे आपल्या भाषेत गोलंदाज. पण गोऱ्यांच्या मोठ्या लीगमध्ये तेव्हा काळ्या माणसाला प्रवेशच नव्हता. मग काळ्यांच्या संघातून गावोगाव खेळायचं, हॉटेलात खोली देत नाहीत म्हणून बसमध्येच झोपायचं. सीझन संपला की नावाजलेले गोरे बॅट्समन हौसेने यांच्याशी सामने खेळायला यायचे आणि हात हलवत परत जायचे. लीगची दारं उघडली, तोवर आजोबांची उमेदीची वर्षं सरली होती...

लॉरेटाने एका सन्मान समितीकडे त्यांचं नाव पाठवलं. उत्तर आलं, अधिकृत आकडेवारी उपलब्ध नाही. कशी असेल? ज्यांनी आकडे ठेवले नाहीत तेच आता आकडे मागतात! पण परक्यांना काय बोलायचं? गणपतीत त्यांना शाल-श्रीफळ द्यावं म्हणून मी इथल्या आमच्या मराठी मंडळात विषय काढला, तर अध्यक्ष म्हणाले, “अरे विवेक, कन्फर्म कसं करणार यार? मेजर लीगमध्ये तर ते खेळलेच नाहीत ना! यंदा स्पॉन्सरचा सत्कार फायनल केलाय. नेक्स्ट इयर बघू.” व्हिसासाठी कागद दाखवून दाखवून मेटाकुटीला आलेली आपली माणसं, आणि त्यांनीच हे विचारावं! मी तिथेच कडाकडा भांडलो. पुढच्या गणपतीपर्यंत आजोबा राहिले नाहीत.

पुरावा हवा ना? मग ऐका. एकदा मी त्यांना बॅकयार्डमध्ये म्हटलं, माझ्यासाठी एक चेंडू टाका. त्यांनी ग्लोव्ह पुढे केला. मी नागपुरात स्लिपमध्ये उभा राहिलेला माणूस! ऐटीत म्हणालो, “नो ग्लोव्ह. वी कॅच विथ अवर हँड्स.”

ते नुसते हसले. चेंडू मला दिसलाच नाही, फक्त आवाज आला आणि करंगळीचं हाड मोडलं. बिचारे बर्फ घेऊन धावत आले. माझा हात धरून अगदी ओशाळून म्हणाले, “सॉरी, सन. दॅट वॉज माय स्लो वन.”

ती करंगळी अजून वाकत नाही. सकाळी चहाचा कप धरला की एकटीच ताठ उभी राहते. आकडेवारी मागणाऱ्यांनी एकदा येऊन ती बघावी.