चार सायकलींच्या सीटा

बसा म्हटलं तर चौघींतली एकपण बसेना. दुकानात दोन स्टुलं होती, बाहेर रिक्षाची जुनी लांब सीट टाकलेली, तीपण रिकामी. चौघी आपापली सायकल हातात धरून उभ्या. बाळकुमहून इथे माजिवड्याला माझ्या दुकानापर्यंत आलेल्या, त्या पण चालत.

त्यांची मॅडम मागनं स्कूटरवर आली. तिचं बाळकुमला पोळीभाजी केंद्र आहे. दुपारचे डबे तिथल्या मोठ्या बिल्डिंगांमध्ये जातात. म्हातारी माणसं, बाळंतिणी, ज्यांच्याकडे स्वयंपाकाला कोणी नाही असे. या चौघी डबे पोचवतात. गाडीचं लायसन चौघींत कोणाकडेच नाही, म्हणून मॅडमने त्यांना सायकली घेऊन दिल्या. पहिला आठवडा बरा गेला. मग बाया सायकलीला डबे लटकवून बाजूने चालायला लागल्या. एकचा डबा पावणेदोनला पोचायला लागला.

"मावशी, सीट मऊ करून द्या," मॅडम बोलली. "एकदम सोफ्यासारखी. सोमवारी डबा टायमात गेला पाहिजे. नाहीतर मी बाईकवाल्यांना काम देणार. दोघं विचारून गेलेत."

हे ती त्या चौघींच्या समोरच बोलली. 

माझं काम रिक्षाच्या सीटांचं. फोम कापायचा, वर रेक्झिन शिवायचं आणि ताणून पत्र्यावर बसवायचं. आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, होते तोवर ते करायचे. मी कोपर गावात घरी बसून नुसती पायपिंग शिवायची, म्हणजे शिवणीवर ती गोल दोरी असते ना, ती. ते गेले तेव्हा धाकटी दोन वर्षांची होती. तेरावं झालं आणि चौदाव्या दिवशी मी शटर उघडलं. महिनाभर एक रिक्षावाला आत आला नाही, बाईला सीट काय कळणार. मग एकाची सीट भर धंद्यात फाटली आणि त्याचं नेहमीचं दुकान बंद होतं. तिथनं सुरू झालं. सुई दोनदा बोटातून आरपार गेली. बाकी विशेष काय नाही.

सायकलची सीट मी कधी केली नव्हती. सायकलवर बसलेपण नव्हते. पण आलेलं काम परत पाठवायची सवय नाही. मी बायांना विचारलं, कुठे दुखतं? बाजूचा सलीमभाई, पंक्चरवाला, सीटा खोलायला पाना घेऊन तिथेच उभा होता. चौघी एका सुरात बोलल्या, कंबर.

मी मान हलवली. इथेच माझं चुकलं. आमच्यात बाईचं मानेच्या खाली आणि गुडघ्याच्या वर काहीपण दुखलं तर ती कंबर म्हणते. मीपण जन्मभर तेच म्हणत आले. डॉक्टरलापण कंबरच सांगितली, तो बिचारा कंबरेच्या गोळ्या देत राहिला. एवढं माहीत असून त्या दिवशी डोक्यात आलं नाही.

कंबरेला आराम म्हणून मी सगळ्यात मऊ फोम घेतला, त्याचे तीन थर लावले. सीट पाटासारखी रुंद केली. वर काळं रेक्झिन, मधोमध लाल पायपिंग आणि पुढे टोकावर जाड दोऱ्याची एक चांदणी. रिक्षावाल्यांना चांदणी लागतेच, हात आपसूक तिकडे गेला. सलीमभाई बोलला, "मौसी, दुल्हन लग रही है." मॅडमने अंगठा दाबून बघितला. अंगठा पार आत गेला. खूश होऊन सायकली घेऊन गेल्या.

शुक्रवारी मी बाळकुमला एका टेम्पोची सीट मापायला गेलेली. रस्त्यात चौघी दिसल्या. डबे सीटवर, बाया खाली.

त्यांच्यात फिलोमिना म्हणून एक आहे, तिथल्याच जुन्या गावातली, अंगाने भरलेली, बोलायला खमकी. तिला विचारलं, सीट कशी आहे गं?

"एकदम फर्स्ट क्लास, मावशी."

"मग चालतेस का?"

"आज जरा पाय मोकळे करते."

दुसरी वंदना, काडीसारखी. ती सायकल कठड्याला टेकवून उभी राहिली. ओठ पार सुकलेले. भर उन्हात मी पाण्याची बाटली पुढे केली तर नको बोलली. मला ते बरं वाटलं नाही. मी फिलोमिनाला सांगितलं, दुपारचे डबे झाले की तुझी सायकल माझ्याकडे आणून सोड.

संध्याकाळी एका रिक्षावाल्याची सीट उसवत होते. रेक्झिन काढलं की खाली फोममध्ये दोन खड्डे असतात, वाटीएवढे, शेजारी शेजारी. सगळ्या ड्रायव्हरांच्या सीटला तेच. इतकी वर्षं मी ते खड्डे भरत आले, पण ते पडतात का, हा विचार केला नव्हता. त्या दिवशी केला. माणूस सगळ्या बुडावर बसतच नाही. बुडाखाली दोन हाडं असतात, सगळा भार त्यांच्यावर.

मग फिलोमिनाची सायकल मी दुकानाच्या आत घेतली, स्टँडवर चढवली, मागचं चाक वर. पदर खोचला आणि स्टुलावरनं चढून बसले. अडुसष्टाव्या वर्षी. समोरच्या स्टँडवरचे रिक्षावाले गिऱ्हाईक सोडून बघायला लागले. एकाने विचारलं, आजी, कल्याणला चालल्या का? मी पॅडल मारत राहिले. पहिली पाच मिनिटं गादीवर बसल्यासारखं वाटलं. मग हाडं फोममध्ये रुतली, आणि हाडं खाली गेली तसा मधला फोम फुगून वर आला. त्याच्यावर माझी ती लाल पायपिंग. पंधरा मिनिटांनी सलीमभाईने मला धरून खाली उतरवलं. कंबर माझी ठणठणीत होती.

दुसऱ्या दिवशी शनिवारी डबे वाटून झाल्यावर चौघींना बोलावलं. सलीमभाईला चहाला पाठवलं. शटर अर्धं खाली ओढलं.

"आता कंबर म्हणायचं नाही," मी बोलले. "काल मी बसले होते. मला सगळं कळलंय. कुठे लागतं ते नीट सांगा."

चौघी एकमेकींकडे बघायला लागल्या.  शेवटी फिलोमिना बोलली, "मावशी, ती चांदणी कुठे जाऊन लागते सांगू काय?" आणि तिने सांगितलं. बाकीच्या तोंडाला ओढणी लावून हसायला लागल्या, आणि मग एकेकीचं तोंड उघडलं. एकीच्या मांड्या घासून सोलवटलेल्या. एकीचे पाय सुन्न व्हायचे. वंदना सगळ्यात शेवटी बोलली, मान खाली घालून. लघवीला गेलं की आग होते, म्हणून तिने सकाळपासून पाणी प्यायचंच सोडलेलं. काम सोडता येत नव्हतं. नवरा वर्षभर घरी बसलेला, घर तिच्यावर होतं.

मी तिला आधी दोन ग्लास पाणी माझ्यासमोर प्यायला लावलं, आणि आजच्या आज बाई डॉक्टरकडे जा, आणि तिथे तरी कंबर सांगू नको, असं बजावलं.

मग माप. बिस्किटांचा बॉक्स येतो ना, आत नळ्या नळ्या असतात तो पुठ्ठा, तो कापून स्टुलावर ठेवला आणि एकेकीला त्याच्यावर बसवलं. जरा पुढे वाक, पाय वर घे. उठल्यावर पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतात. खडूने गोल केला, टेपने मधलं अंतर मोजलं. मला वाटलं फिलोमिनाचं सगळ्यात जास्त निघणार. निघालं वंदनाचं. काडीसारख्या बाईची हाडं सगळ्यात लांब लांब. फिलोमिनाने दोन्ही पुठ्ठे हातात घेऊन बघितले.

"म्हणजे मी बारीक," ती बोलली.

"आतून," मी बोलले.

सायकली ठेवून घेतल्या, रविवारी डब्यांना सुट्टी. दुकानपण रविवारी बंद असतं, तरी उघडलं. या वेळी फोम कडक घेतला, तुकडे दाबून चिकटवतात तो, बसून बसून दबत नाही. चौघींच्या मापाच्या चार वेगळ्या सीटा. मागे हाडांपुरती रुंद, पुढचं नाक आखूड, मधे लांब चर. शिवण सगळी कडेला, वर एक टाका नाही. चर पाडायला सलीमभाईने खालचा पत्रा कापून दिला. ये नाली किसलिए, त्याने विचारलं. मी बोलले, हवा के लिए. त्याने पुढे विचारलं नाही, शहाणा माणूस आहे.

सोमवारी सकाळी मॅडम आली. आल्या आल्या अंगठा लावला. अंगठा आत जाईना.

"मावशी, हा दगड केलात तुम्ही. मी सोफा सांगितलेला."

"मॅडम, डबे अंगठ्याने वाटायचेत का? सोफ्यावर माणूस पाय हलवत नाही."

मॅडमने मोबाईल काढला. मला समजलं कोणाला लावते ते. चौघींनापण समजलं. मी काय बोलणार, सीट माझी होती, काम त्यांचं होतं. तेव्हा वंदना पुढे आली. तिचा आवाज मॅडमनेपण पहिल्यांदा ऐकला असेल.

"मॅडम, आज मला लांबची लाईन द्या. पलीकडच्या सगळ्या बिल्डिंगा. उशीर झाला तर उद्यापासून मी येत नाही."

मॅडमने तिच्याकडे बघितलं आणि मोबाईल पर्समध्ये टाकला. "फक्त आज," ती बोलली.

चौघी सायकलीवर बसल्या आणि गेल्या. मी दुपारपर्यंत एक साधी सीट तीनदा उसवली, लक्षच नव्हतं. एक वाजून दहा मिनिटांनी मॅडमचा फोन आला. सगळे डबे पोचलेले. वंदना सगळ्यात लांबून सगळ्यात आधी परत आलेली. मॅडम थँक्यू नाही बोलली. बोलली, पाचवी सायकल घ्यायचा विचार आहे.

सगळं गोड झालं असं नाही. फिलोमिनाची सीट परत आली, पुढचं नाक टोचत होतं. सलीमभाईने नाक एक बोटभर खाली वाकवलं, मग जमलं. चौथीला महिन्याभराने सासूने काम सोडायला लावलं, त्याला माझ्याकडे फोम नाही. वंदनाला डॉक्टरने औषध दिलं, ती बरी झाली. अजून डबे वाटते.

आता आणखी बाया येतात. शाळेत शिकवणाऱ्या, व्यायामासाठी सायकल चालवणाऱ्या, एक तर हेल्मेट घालून घोडबंदरवरून आली, इंग्लिश बोलणारी. तीपण सलीमभाईकडे बघून कंबर बोलली. मी कोणाला कुठे दुखतं ते विचारतच नाही. पडद्यामागे नेते आणि पुठ्ठा पुढे करते. आणि गिऱ्हाईक मऊ पाहिजे बोललं की हो म्हणायचं आणि कडक करून द्यायचं.