शकीलभाईंचा कॉम्प्युटर उठतो तेव्हा

शकीलभाईंच्या नाझनीनचा फोन आला तेव्हा मी पुण्यात ऑफिसात होतो. "अब्बा गेले," एवढंच म्हणाली... महिना उलटला, तरी बोट त्यांच्या नंबरावर जातं.

आमच्या गावी, वरवट बकालला, शकीलभाईंचं टायपिंगचं दुकान. आमच्या घरात डिग्री घेणारा मी पहिला, पण कॉम्प्युटर मला कॉलेजनं नाही, त्यांनी शिकवला. हे मी कुठंही सांगतो. त्यांच्या लिनक्सच्या मशीनवर त्यांनीच लिहिलेले लहान लहान प्रोग्राम होते. एक घड्याळ लावायचा, एक प्रिंटर जागा करायचा, एक फायलींची नक्कल ठेवायचा. ज्याला त्याला एकच काम. मशीन सुरू झालं की प्रत्येक जण पडद्यावर एक ओळ टाकून हजेरी द्यायचा. ओळी अर्थात भाईंच्या बोलीत.

नोकरी लागली आणि मी शहाणा झालो. दिवाळीत म्हटलं, "भाई, आता हे समदं एकच प्रोग्राम सांभाळते. मशीन झटकन उठीन."

"मले कुठं गाडी पकडाची हाय बे? इथं जो बोलला नाही तो बिमार. मले तेवढं समजते, बस झालं."

तरी मी हट्टानं तो नवीन प्रोग्राम टाकलाच. मशीन खरंच झटकन उठलं, मुकाट्यानं. आठवड्यानं प्रिंटर अडला. दुकानात दाखल्यांसाठी माणसं खोळंबलेली, तेव्हा त्यांचा फोन आला. "तुहा पहिलवान एकटाच समदं करते, पण काऊन रुसला ते सांगत नाही." खरं तर पहिलवानाचा दोष नव्हता. प्रिंटरचं काम त्याला नेमून द्यायला मीच विसरलो होतो, आणि तक्रार कुठं वाचायची तेही भाईंना दाखवलं नव्हतं. "संध्याकाळी फोन करतो," म्हणालो... केला नाही. शेवटी भाईंनीच आपल्या नकलेवरून जुनं सगळं परत आणलं. पुढं कधी त्यांनी तो विषय काढला नाही, फोनवर "जेवला का?" विचारायचे. चुकलो, हे म्हणायचं माझं राहून गेलं.

मागच्या रविवारी दुकानात गेलो. दुकान आता नाझनीन चालवते. "भैया, नवीन टाकून द्या न. हे लई हळू हाय."

"टाकतो. पण आधी यातलं कोण काय करते ते तुले दाखवतो. मंग तूच ठरव."

मी बटण दाबलं. थांबत थांबत ओळी आल्या.

घड्याळ लावलं.
प्रिंटर उठला.
नक्कल ठेवली.

आणि शेवटची, नेहमीची:

समदे आले. बस बे आता.

नाझनीननं स्टूल ओढलं. मी त्यांच्या खुर्चीत बसलो, आणि घड्याळाची फाईल उघडली.