दुमडून आखलेली टेकडी

टेलरबाईंचं दुकान बस डेपोच्या भिंतीला लागून होतं. दुकान म्हणजे काय, जिन्याखालची जागा. तिच्यात एक मशीन, एक टेबल, आणि गिऱ्हाईक आलंच तर त्याने पोट आत ओढून उभं राहायचं. डेपोतले ड्रायव्हर-कंडक्टर तुटलेली बटणं आणि उसवलेले खिसे घेऊन यायचे आणि शिवून होईपर्यंत गप्पा मारायचे. त्यामुळे कुठली बस कुठे वळते, कुठल्या शेवटच्या थांब्यापुढे पायवाट सुरू होते, हे सगळं बाईंना बसल्या जागी कळायचं.

सतरा वर्षांपूर्वी एका रविवारी त्या एकट्याच अशा एका बसमध्ये बसल्या, शेवटच्या थांब्याला उतरल्या, समोरची टेकडी चढल्या आणि संध्याकाळी घरी आल्या. पुढच्या रविवारी शेजारीण बरोबर गेली. हळूहळू दहा-बारा जणांचा घोळकाच झाला. नियम एकच होता: बसने जायचं, बसने यायचं, शेवटची बस चुकवायची नाही. सतरा वर्षांत ती एकदाही चुकली नव्हती.

या घोळक्यात बाईंचे यजमान कधीच नव्हते. काकांनी एकतीस वर्षं एका आठमजली कचेरीत लिफ्ट चालवली होती. "आयुष्यभर वर-खालीच केलंय, आता सुट्टीच्या दिवशीही तेच करू?" असं म्हणून ते पेपर तोंडावर घेऊन आडवे व्हायचे. निवृत्त झाले तरी रविवारची सुट्टी त्यांनी सोडली नाही. बाई परत आल्या की त्यांच्या बुटांची माती बघून नाक मुरडायचं आणि चहा टाकायचा, एवढाच काय तो त्यांचा गिर्यारोहणाशी संबंध.

एवढे डोंगर पायाखाली घातलेल्या बाई शेवटी पडल्या त्या दुकानातल्या स्टुलावरून. घोट्याला सहा आठवड्यांचं प्लास्टर बसलं. पुन्हा चढता येईल का, असं विचारल्यावर डॉक्टर "बघू" म्हणाले. प्लास्टरने बाई हलल्या नव्हत्या, त्या "बघू"ने हलल्या. दोन रविवार कुणीच कुठे गेलं नाही. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी काकांना समोर बसवलं.

"शिवण एकदा उसवायला लागली की आपणहून थांबत नाही," त्या म्हणाल्या. "या रविवारी तुम्ही न्या त्यांना. तुमच्याबरोबर नीट गेले-आले, तर माझ्याशिवायही जातील. नाहीतर संपलं."

काकांच्या ओठांवर नेहमीचा विनोद आला होता. पण बाईंचा चेहरा बघून त्यांनी तो गिळला आणि हो म्हणाले.

बाई वाटेचा नकाशा काढायच्या तो ब्लाउज बेतल्यासारखा. कागद दुमडायचा, दातेरी चाकाने त्यावर वाट उठवायची, म्हणजे दोन्ही पदरांवर भोकांची ओळ उमटते. मग कागद मधोमध कापायचा, एका भागावर पेनने ठिपके जोडायचे आणि खुणा लिहायच्या. दोन बाह्यांसारखे दोन भाग, एक सुलटा, एक उलटा. उलटा भाग त्या चिंध्यांत टाकायच्या. दर वेळी खिडकीशी जाऊन दोन्ही भाग उजेडात धरायच्या आणि कुठला ठेवायचा ते बघायच्या. या वेळी पाय स्टुलावर होता, खिडकी चार पावलांवर होती, आणि उठवेना.

रविवारी काका अकरा जणांना घेऊन निघाले, घोळक्याने आधी कधी न चढलेल्या एका टेकडीकडे. शेवटच्या थांब्यापासून तलावाच्या बांधापर्यंत सरळ रस्ता होता. बांधावर कागद म्हणाला डावीकडे, काका डावीकडे वळले. घोळक्यात एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. या टेकडीबद्दल बोलताना बाई उजवीकडची झाडी म्हणाल्या होत्या, असं त्यांनी सुचवून पाहिलं. पण बायकोच्या कागदावर काकांचा लिफ्टच्या दोरापेक्षा जास्त विश्वास होता. तासभर चालून सगळे एका दगडखाणीच्या कुंपणापुढे येऊन थांबले. कागदावर तिथे विजेचा मनोरा होता. खरा मनोरा तलावापलीकडे, बोटाएवढा दिसत होता.

एकाने घड्याळ बघितलं, एकीने बुटाची नाडी उगीचच पुन्हा बांधली. पुढच्या रविवारी यांच्यातलं कोण येणार, असा विचार काकांच्या मनात आला. बाजूला जाऊन त्यांनी घरी फोन लावला.

बाईंनी आधी एकच विचारलं, पाणी कुठल्या हाताला आहे? उजव्या, काका म्हणाले.

"अहो, मी तुम्हाला डावी बाही दिलीय," बाई म्हणाल्या. "कागद पालथा करा आणि सूर्यासमोर धरा."

काकांनी कागद पालथा धरला. भोकांमधून उजेड आला आणि सगळी वाट ठिपक्याठिपक्यांनी चमकायला लागली, बांधापासून उजवीकडे, झाडीतून वर, थेट मनोऱ्यापर्यंत. अकरा माणसं त्यांच्या खांद्यावरून वाकून बघू लागली.

वाट सापडली, पण या फेऱ्यात दोन तास वाया गेले होते. आल्या वाटेने उतरलं तर पाच दहाची शेवटची बस मिळणार नव्हती. बाईंनी पलंगावरूनच, फोनवर, उतरायची नवी वाट बेतली. माथ्यावरून पाण्याच्या पाइपाच्या कडेने उतरा, खाली पंपघर लागेल, बस तिथूनच वळते. त्या गाडीचा ड्रायव्हर तिथे थर्मास भरायला आठ मिनिटं थांबतो, त्याच्या खिशाचं अस्तर मी तीनदा बदललंय. काकांनी ऐकलं तसं केलं. घोळका पंपघराशी पोचला तेव्हा ड्रायव्हर थर्मासचं झाकण लावत होता.

बसमध्ये मुख्याध्यापिकांनी विचारलं, नेमकं चुकलं काय? काकांनी बेधडक सांगून टाकलं, "मीच कागद उलटा धरला होता." सगळे हसले. लिफ्टमनला डावं-उजवं कशाला लागतं, त्याला वर आणि खाली पुरतं, असंही कुणीतरी म्हणालं. काका सगळ्यांत मोठ्याने हसले.

घरी येऊन त्यांनी हे बाईंना सांगितलं. शाबासकी मिळेल अशी त्यांची समजूत होती. बाईंनी फोन ओढला आणि एकेकाला लावायला सुरुवात केली. अकराही जणांना त्यांनी तेच सांगितलं: कागद माझा चुकला होता, यांनी बरोबर वाचला, आणि तुम्हाला वेळेवर परतही आणलं. सतरा वर्षांचं नाव त्यांनी अर्ध्या तासात स्वतःच्या हाताने उसवलं. काका दारात चहाचा कप घेऊन उभे होते. अशी बाई आपल्या घरात चाळीस वर्षं आहे, आणि आपण तिच्या बुटांची माती मोजत बसलो, याची त्यांना लाज वाटली.

शेवटचा फोन मुख्याध्यापिकांना होता. त्यांनी पुढच्या रविवारी किती वाजता जमायचं, एवढंच विचारलं.

बाईंनी फोन ठेवला, कप घेतला आणि काकांना शेजारी बसायची खूण केली.

"वरून काय दिसलं?" त्यांनी विचारलं.

काका सांगायला लागले. तलाव, त्यात उलटा पडलेला मनोरा, दूरवर खेळण्यासारखं शहर, त्यात आपली कचेरी शोधून काढली ते, माथ्यावर वारा इतका होता की मुख्याध्यापिकांची टोपी उडाली ते. सांगता सांगता चहा गार झाला. बाई एकेक गोष्ट परत विचारत होत्या, ऐकताना हसत होत्या.

काका मध्येच थांबले. सतरा वर्षं दर रविवारी ती याच दारातून आत आली होती, आणि आपण हा प्रश्न तिला एकदाही विचारला नव्हता.

त्यांनी तिच्या हातातला गार कप काढून घेतला आणि नवा चहा टाकायला उठले.

"आता तू सांग," आत जाता जाता ते म्हणाले. "अगदी पहिल्या रविवारपासून."